मुकी होळी

“आजपासून हिला माझ्याजवळ झोपू दे, म्हणजे तिकडे गेल्यावर तुला शोधणार नाही,” सुनेत्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुरणाचा पुढचा गोळा उचलला.

वाक्य तेवढंच होतं. त्यात टोमणा नव्हता. आमटीत अजून जरा गूळ टाक म्हणावं तशा सुरात सासूबाईंनी ते सांगितलं होतं. मनाली तव्यापाशी उभी होती. तिनं पोळी उलटली, कडेनं तूप सोडलं, फुगवटा उलथन्यानं हलकेच दाबला. हातांपर्यंत ते वाक्य पोचलंच नव्हतं. पोचलं ते छातीत. पान्हा फुटला आणि ओढणीखाली कुर्ता ओला झाला. बाहेरच्या खोलीत अकरा महिन्यांची सगुणा गाढ झोपली होती, कुरकुरलीसुद्धा नव्हती, तरी हे असं. दुबईच्या करामा भागातल्या त्या जुन्या बिल्डिंगचं स्वयंपाकघर म्हणजे दोन बायका पाठीला पाठ लावून उभ्या राहतील एवढंच. वर एक्झॉस्ट पंखा घरघरतोय, खालच्या हॉटेलात इफ्तारची भजी तळायला घेतलीयत त्या तेलाचा वास खिडकीतून आत येतोय, आणि त्यात हे जायफळ, हा वेलदोडा. मनालीला एकाएकी वाटलं, ह्या सगळ्या वासांत आपला वास कुठला? सगू आपल्याला वासानंच शोधते. अंधारात डोळेही न उघडता, मांजरीच्या पिलासारखी नाक घासत घासत कुशीत शिरते. शोधणार नाही म्हणजे काय, तर ते नाक घासणं बंद होईल. किंवा बंद होणार नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी पदरापाशी जाऊन निवांत होईल. ह्यातलं जास्त वाईट कोणतं, हे तिला ठरवता येईना.

“जळतेय गं ती,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“हो आई,” म्हणून तिनं पोळी खाली घेतली.

तसं सगळं ठरलेलंच होतं. सुनेत्राबाईंचा व्हिजिट व्हिसा संपत आला होता, मंगळवारचं विमान होतं, आणि त्यांच्या मांडीवर बसून सगू मिरजेला जाणार होती. वर्षाचा तर प्रश्न. मनालीची रजा संपून ऑफिस सुरू झालं होतं. नर्सरीत घातलं की सगू तापानं फणफणून घरी यायची. मग कधी तिचा नवरा विघ्नेश घरी, कधी मनाली, आणि दोघांचेही मॅनेजर एकाच तऱ्हेनं ‘नो प्रॉब्लेम’ म्हणायचे. इथं पुष्कळजण पाठवतात. पाठवून पुन्हा मॉलमध्ये हसतखेळत फिरतात, मोबाईलवर बाळाला दात दाखवायला सांगतात. एका रात्री जेवताना विघ्नेशनं विषय काढला, सुनेत्राबाई म्हणाल्या मी नेते, आणि मनाली म्हणाली, बघू. बघूच म्हणाली होती ती. नंतर तिनं ते मनाशी कितीदा तरी घोळवून पाहिलं. हो म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं, नाही म्हटल्याचंही आठवत नव्हतं. वडिलांच्या, आप्पांच्या घरात वाढलेली मुलगी. नाही म्हणायची सवयच त्या घराला नव्हती. त्या बघूचं बघता बघता तिकीट झालं, आणि आता तर सगूच्या झबल्यांच्या घड्या निळ्या बॅगेत जाऊन बसल्या होत्या. विघ्नेशला दोष द्यावा तर तो रात्री उठून तिच्यासाठी पाणी आणणारा माणूस. सासूबाईंना द्यावा तर त्या गुडघे दुखत असताना तासतासभर पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालतात. घरात कुणीच वाईट नसलं म्हणजे रागावायचं तरी कुणावर?

होळी खरी गुरुवारी झाली. पण गुरुवारी ऑफिसं, म्हणून ती शनिवारी खोर फक्कानला परेशच्या घरी पेटवायची असं ठरलं होतं. परेश विघ्नेशचा कॉलेजचा मित्र, तिथल्या बंदरावर नोकरीला. त्याच्या भाड्याच्या घराला मागं भिंतीनं बंदिस्त अंगण होतं. करामात बाल्कनीत चार उदबत्त्या जास्त लावल्या तरी वॉचमन वर बघत उभा राहतो, तिथं होळी कुठली. दुपारी पोळ्यांचा डबा, बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून आणलेलं गोवऱ्यांचं पाकीट आणि सगूचा सगळा संसार डिकीत भरून ते निघाले.

“पौर्णिमा तुमच्या सुट्टीसाठी थांबत असेल तर बरंच आहे,” मागच्या सीटवरून सुनेत्राबाई म्हणाल्या.

“ताई, इथं दिवाळीसुद्धा वीकेंडला येते,” विघ्नेश म्हणाला.

तो आईला ताई म्हणायचा. लग्न झालं तेव्हा मनालीला त्याचं कोण कौतुक वाटलं होतं. सुनेत्राबाईंची धाकटी भावंडं त्यांना ताई म्हणत, ऐकून ऐकून हाही म्हणायला लागला, इतकं साधं ते होतं. सुनेत्राबाई शिक्षिका, त्यांची शाळा लांब जतला. विघ्नेश शाळेत जायचा होईपर्यंत त्यांच्या आईकडे मिरजेला वाढला. त्या आजीचं नाव सगुणा. तिला तो आई म्हणायचा. ती गेली तेव्हा त्यानं दोन दिवस जेवण टाकलं होतं, आणि मुलगी झाली तर तिचंच नाव ठेवायचं हे त्यानं मनालीला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. किती गोड, असं मनाली तेव्हा मैत्रिणींना म्हणाली होती. आता पुढच्या सीटवर बसून ती ते दोन शब्द नुसते आलटून पालटून पाहत होती, ताई आणि आई, आई आणि ताई. चौतीस वर्षांचा नवरा शेजारी गाडी चालवत होता आणि त्याची आई मागं बसली होती, आणि त्या बाईला आई म्हणणारं माणूस ह्या जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे ती स्वतः.

“हा नाही का वाढला माझ्या आईकडे?” तिच्या मनातलं ऐकू गेल्यासारख्या सुनेत्राबाई म्हणाल्या. “काय बिघडलं ह्याचं?”

“काही नाही बिघडलं,” विघ्नेश आरशात बघून हसला. “फक्त अजून आमरसात मीठ घालून खातो.”

डोंगर सुरू झाले. भट्टीतून काढून ठेवल्यासारखे तपकिरी, गवताची काडी नसलेले डोंगर, आणि त्यांच्या पोटातून गेलेले बोगदे. बोगद्यात गाडी शिरली की सगू रडता रडता गप्प व्हायची. काचेवरून पळणारे दिवे बघत तोंडाचा चंबू करून बसायची. मनालीनं सीटच्या फटीतून हात मागं घातला. सगूचं पाऊल तिच्या मुठीत आलं. गरम, घामेजलेलं, पावापेक्षा मऊ. एवढंच धरून ठेवलं तर चालेल का कुणाला, पाऊल इथं आणि बाकीची मिरजेला, असलं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं आणि बोगदा संपला. उन्हानं डोळे दिपले.

ते परेशकडे पोचले तेव्हा शेजारच्या घरातून इफ्तारचं ताट आलं होतं, खजूर आणि गहू-मटणाचं हरीस, त्यांचा ड्रायव्हर अबुजर ते देऊन गेला. रंजितानं, परेशच्या बायकोनं, त्याच ताटात पुरणपोळ्या रचून ते परत पाठवलं. रिकामं ताट कसं पाठवायचं म्हणाली. अंगणात परेशनं तेलाचं अर्धं कापलेलं पिंप मांडलं होतं. एरवी त्यात कोंबड्या भाजल्या जायच्या. आज त्यात बंदरावरच्या मोडक्या फळ्या, वर गोवऱ्या आणि एरंडाच्या जागी अंगणातल्या बदामाची फांदी. सुनेत्राबाईंनी पिंपाभोवतीसुद्धा रांगोळी काढली.

“हे बघा,” परेश म्हणाला, “आग चालेल, बार्बेक्यू म्हणून खपून जाईल. बोंब मात्र नको. रमजान आहे, पलीकडे नमाजाची वेळ. चांगली माणसं आहेत, उगाच कशाला.”

“मग होळी कसली रे ती?” विघ्नेश म्हणाला.

“व्हायब्रेशनवर टाक. आवाज बंद.”

आणि खरंच त्यांनी ते तसंच केलं. आग धडाडली, सुनेत्राबाईंनी नैवेद्य आत सोडला, आणि सवयीनं पुरुषांचे हात वर गेले. उलटा पंजा तोंडावर आपटत परेश, विघ्नेश आणि परेशच्या ऑफिसातले दोघे पिंपाभोवती उभे राहिले. तोंडं उघडी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, जबडे हलताहेत, आणि आवाज नाही. फक्त ओठांवर पंजा बसल्याचा पटपट आवाज आणि लाकडांची तडतड. आधी सगळे हसत होते. मग हसू ओसरलं, तरी हात थांबेनात.

“मम्मा, व्हाय इज एव्हरीवन ऑन म्यूट?” परेशच्या आठ वर्षांच्या ईश्वरीनं विचारलं.

“शू. तुझ्या बाबांना विचार.”

उघड्या तोंडांच्या आत ज्वाळेचा लाल उजेड दिसत होता. मनालीला आप्पा आठवले. आप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि बदलापूरच्या त्यांच्या सोसायटीत त्यांचा आवाज ओळखू शकेल असं कुणीही नव्हतं. भाजीवाल्यानं कुजका टोमॅटो टाकला तरी ते पिशवी किंचित जवळ धरत, बस. साहेबांनी बढती दुसऱ्याला दिली त्या दिवशी ते घरी येऊन पंख्याची पाती पुसत बसले होते. पण होळीला, वर्षातून एकदा, शर्टाच्या बाह्या वर करून ते आगीसमोर जात आणि बोंब ठोकत. ती पोटाच्या कुठल्या खोल जागेतून येई कोण जाणे. सोसायटीतली पोरं आधी टाळ्या पिटायची, मग जरा मागं सरकायची. मनाली आईचा पदर धरून उभी असायची आणि दर वर्षी तिला वाटायचं, हा कोण माणूस? मग तोच माणूस घरी येऊन, पाय धुऊन, कटाची आमटी छान झाल्याचं अगदी हळू आवाजात सांगायचा. एकदा तिनंही तोंडावर हात नेला होता, तेव्हा आईनं तो वरच्यावर धरला. मुलींनी नाही गं बोंबलायचं, नारळ धर तू. तिनं नारळ धरला. आजवर ती नारळच धरत आली होती. आप्पा वारले तेव्हा व्हिसाचं काम अडकल्यानं ती वेळेवर पोचली नाही. आणि कधी आठवण आली की चेहरा येतच नाही, ती बोंबच येते. आता ह्या मुक्या तोंडांकडे बघताना तिला वाटत होतं, ह्या सगळ्यांचा आवाज आत उलटा फिरून कुठं जात असेल? वर्षभर साठलेलं असं परत गिळलं की ते पचतं का?

“सगूची पहिली होळी ना?” रंजिता म्हणाली. “फिरव की तिला आगीभोवती. वर्षभर काही बाधत नाही.”

मनालीनं हात पुढं केले. सगू सुनेत्राबाईंच्या कडेवर होती, बोटात त्यांचं मंगळसूत्र अडकवून आगीकडे टक लावून बघत होती.

“राहू दे, मीच फिरवते,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “आता सवय लागू दे.”

विघ्नेश फोटो काढत होता. मनालीचे हात पुढंच राहिले. रिकामे हात बरे दिसेनात म्हणून रंजितानं त्यात नारळाचं ताम्हण दिलं. ते घेऊन ती सासूबाईंच्या मागोमाग पिंपाभोवती फिरली. पुढं पोरीची टाळू दिसत होती, भुरभुरते केस ज्वाळेच्या उजेडात तांबडे झालेले. वर चंद्र होता, पौर्णिमा उलटून गेल्यानं एका बाजूनं जरासा झिजलेला. धुरानं डोळ्यांत पाणी येतं ही किती सोयीची गोष्ट आहे, असं मनालीला वाटलं.

रात्र कशी गेली हे सकाळी तिला सांगता आलं नसतं. मुक्काम परेशकडेच होता. भिंतीपलीकडच्या खोलीत सगू आणि सुनेत्राबाई झोपल्या होत्या आणि ती नुसती कान देऊन पडली होती. कान दुखायला लागले होते. काही ऐकू आलं नाही हेच ती रात्रभर ऐकत होती.

“एकदाही शोधलं नाही बघ तुला,” सकाळी चहाचा कप हातात घेत सुनेत्राबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण आवाजात परीक्षेला बसवलेला विद्यार्थी पास झाल्याचं समाधान होतं. “पहिले काही दिवस शोधतात. मग आपोआप सुटतं. विघ्नेशचंही तसंच. मी दर शनिवारी यष्टीनं यायचे, तर हा आईच्या मागं जाऊन…” आणि त्या थांबल्या. सगूच्या नाकाला काही नव्हतं, तरी त्यांनी पदरानं ते पुसलं. “चहात आलं फार घालते गं ही रंजिता.”

“जाऊन काय, आई?” मनालीनं विचारलं.

“काही नाही. लपायचा. लहान होता.”

अंगणात रंग सुरू झाले होते, तेही दबक्या आवाजात. कोरडाच गुलाल, पाणी नको, गाणी नको, आणि रस्त्यावर जायच्या आधी सगळ्यांनी तोंडं धुवायची. परेशनं गालाला रंग लावला तेव्हा मनाली हसलीसुद्धा. तिनं सगूच्या कपाळाला गुलालाचं एक बोट लावलं. सगूनं तिच्याकडे पाहिलं, रंगानं माखलेल्या चेहऱ्याकडे, बराच वेळ, आणि तोंड फिरवून आजीच्या खांद्यावर मान टाकली. रडली नाही. नुसती मान टाकली. कुणाच्या लक्षातही आलं नाही ते.

मनाली बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून घेतली. छाती दगडासारखी झाली होती, रात्रीपासून सगूनं घेतलं नव्हतं. एका हातानं तिनं तोंड धुतलं, दुसऱ्या हातानं दूध दाबून काढलं. बेसिनमध्ये गुलाल वाहत होता आणि त्यात दूध. गुलाबी, दाट, केळ्याच्या शिकरणीत सरबत सांडावं तसलं काहीतरी पाणी गोल फिरत भोकातून खाली जात होतं. ती बघत राहिली. बाहेर विघ्नेश म्हणत होता, यल्ला, निघू या, ऊन चढेल. आरशात कानाच्या पाळीला रंग राहिलेला दिसत होता. तिनं तो पुसला नाही.

गाडी डोंगराला लागली. मागं सगू बाळाच्या सीटवर, तिच्या शेजारी सुनेत्राबाई, पुढं हे दोघं. काल येताना होते तसेच. विघ्नेश मंगळवारच्या सामानाबद्दल बोलत होता. बाळाचं दूध वेगळ्या पिशवीत, ताईंना व्हीलचेअर सांगितली आहे, मुंबईला मामा घ्यायला येईल. सगळं किती नीट होतं. बोगद्याचं तोंड समोर दिसलं. आत कुणाची नमाज नव्हती, शेजारी नव्हते, वॉचमन नव्हता. डोंगर होता फक्त, वरपासून खालपर्यंत.

“काच खाली कर,” ती म्हणाली.

“बोगद्यात? धूर येईल.”

“कर ना.”

चारी काचा खाली गेल्या. वारा आणि टायरांचा घोंगावता आवाज एकदम आत घुसला, दिवे पळायला लागले. मनालीनं उजवा हात उलटा केला आणि तोंडावर नेला. पहिला आवाज फुटलाच नाही, नुसता खोकला आला. मग आला. पोटातून आला, तिच्या ओळखीचा नव्हता; किंवा होता, बदलापूरच्या सोसायटीतला होता, बाह्या वर केलेल्या शर्टाचा. बोंब भिंतींवर आपटून परत गाडीत येत होती आणि तिच्यावर ती पुढची मारत होती. विघ्नेशनं गाडी हळू केली. तो काही बोलत असावा, त्याचे ओठ हलत होते, आता तो मुका होता.

ती मागं वळली. सगूचे डोळे मोठे झाले होते. आजीकडे तिनं पाहिलं, तिथं तो आवाज नव्हता. छताकडे पाहिलं, पळत्या दिव्यांकडे, विघ्नेशच्या मानेकडे. खालचा ओठ थरथरायला लागला होता तरी ती रडायचं सोडून मान इकडून तिकडे वळवत होती, कपाळावर गुलालाचं बोट, नाकपुड्या फुगलेल्या. मग तिची नजर मनालीच्या तोंडावर येऊन थांबली आणि पट्ट्यात अडकलेले दोन्ही हात पुढं आले.

शोधत होती. ती शोधत होती.

बोगदा संपला. उजेड झाला. सगू हात पुढं करून रडत होती, मनाली सीटच्या फटीतून अर्धी मागं झुकली होती. “ती नाही जाणार,” ती म्हणाली. घसा बसला होता, आवाज फाटका आला, पण पुरेसा आला. “नोकरीचं मी बघते. नर्सरीचं, तापाचं, सगळं बघू आपण. ती नाही जाणार.”

विघ्नेशनं आरशात पाहिलं. “ताई?” तो म्हणाला, आणि त्या एका शब्दापाशीच थांबला, जणू तो त्यानं आज पहिल्यांदाच ऐकला होता.

सुनेत्राबाई खिडकीबाहेर कोरड्या डोंगरांकडे बघत होत्या. वाऱ्यानं त्यांचा अंबाडा सुटला होता, तो त्यांनी सावरला नाही. मग त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला, उलटा करून पाहिला, आणि पुन्हा ठेवून दिला.

“पुढं अजून एक बोगदा आहे ना रे?” त्या म्हणाल्या. “काच उघडीच ठेव.”